तालमीला हॉल मिळाला, वस्ताद कुठाय?

कोल्हापुरातल्या कुठल्याही पेठेच्या चौकातला डिजिटल बोर्ड जरा थांबून वाचावा. मधोमध ज्याचा वाढदिवस तो, गॉगल लावलेला. त्याच्या डोक्यावर नेत्यांचे गोल फोटो. बाजूला अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजानीस. आणि तळाला दोन-तीन ओळींत पासपोर्ट आकाराचे चेहरे, प्रत्येकाखाली टोपणनाव. सोळा-सतरा वर्षांचं पोरगं मंडळात येतं ते या तळच्या ओळीत. वर्गणीची पावती पुस्तकं घेऊन फिरलं, मिरवणुकीत ट्रॅक्टरपुढं राहिलं, एखाद्या वादात मागं हटलं नाही, की पुढच्या वर्षी त्याचा फोटो जरा मोठा होतो. मंडळात कोण चढला, कोण उतरला, कुणी कुणाची साथ सोडली, सगळं तिथं छापलेलं असतं. निवडणूक जवळ आली की वरच्या गोलांतले चेहरे बदलतात आणि पेठेला कळायचं ते कळतं.

कोल्हापुरात पेठेची तालीम, म्हणजे कुस्तीचा आखाडा, हीच बहुतेकदा तिथलं मंडळही असते. गणपती आले की या मंडळांवर दरवर्षी तीच चर्चा होते. एक बाजू म्हणते, ही मंडळं म्हणजे टोळ्या झाल्यात. साऊंड सिस्टीम जप्त करा, गुन्हे घाला, नोंदणी रद्द करा. दुसरी म्हणते, कोल्हापूर उभं आहे ते तालमींवर. पुरात धावतात ती हीच पोरं, त्यांच्या नादाला लागू नका. दोन्ही बाजू मंडळाला जन्मजात चांगलं किंवा वाईट धरून चालतात. माझं म्हणणं वेगळं आहे. मंडळ पोराला काय बनवतं, हे मंडळाच्या नावावर, इतिहासावर किंवा भिंतीवरच्या शाहू महाराजांच्या फोटोवर ठरत नाही. त्या पोराला तिथं रोज काय करावं लागतं, यावर ठरतं. आणि गेल्या दोन पिढ्यांत आपण, म्हणजे पेठेनं, महापालिकेनं, आमदार-खासदारांनी मिळून, तालमीतलं रोजचं काम काढून घेतलं आणि त्या बदल्यात तिला इमारत दिली.

हे रोजचं काम काय होतं ते जिथं अजून चालू आहे तिथं बघता येतं. लाल मातीच्या तालमीत नवं पोरगं आलं की पहिल्याच दिवशी त्याला कुस्ती धरू देत नाहीत, हातात फावडं देतात. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातली, माती सतत उकरावी लागते, नाहीतर ती घट्ट बसते आणि वरून पडणाऱ्याचं हाड मोडतं. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर पडलेला असतो. तिचा खर्च असतो, तिची निगा असते. पहाटे अंधारात माती उकरायची, सारखी करायची, मग जोर, मग बैठका, मग थोरल्यांच्या कुस्त्या कडेला बसून बघायच्या. जोड कुणाशी लावायची हे वस्ताद ठरवणार. गावाकडं बाप सरपंच असो नाहीतर ऊसतोड मजूर, फावडं दोघांनाही. महिनाभरात ते पोरगं न सांगता लवकर उठायला लागतं, थोरल्यांसमोर आवाज खाली ठेवतं. कुणी भाषण दिलेलं नसतं.

यात एक गोष्ट फार मोलाची आहे आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. तालमीत प्रतिस्पर्धी घरातलाच असतो. ज्याला आज चीत करायचं त्याच्याच अंगावर उद्या सकाळी सराव करायचा असतो. त्याचा हात मोडला तर आपलीच मेहनत थांबते. जिंकण्याची ईर्षा आणि समोरच्याची काळजी एकाच अंगात बाळगायला शिकवणारी दुसरी शाळा मला माहीत नाही. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींत बाहेरगावची, परजिल्ह्यांतली पोरं येऊन राहतात, एकाच चुलीवर खुराक करतात. 1959 साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे आणि 1960 चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर, दोघंही कोल्हापुरात घडले. आंदळकर पुढं मोतीबागेत वस्ताद म्हणून कित्येक वर्षं उभे राहिले. अशा तालमीत पोराला पुढच्या वीस वर्षांचा नकाशा डोळ्यांसमोर चालताना दिसतो: आज फावडं, उद्या मैदान, मग नोकरी, मग डोक्याला फेटा बांधून कडेला बसणं.

आता हेच पोरगं माती नसलेल्या मंडळात घाला. खाली गाळे, वर हॉल, हॉलमध्ये कॅरम नाहीतर कुलूप. वर्षातून तीन-चार वेळा काम: गणपती, शिवजयंती, दहीहंडी, कुणाचा तरी वाढदिवस. उरलेले साडेतीनशे दिवस कट्टा. तिथं आपण कोण हे सिद्ध करायला हातात काहीच नसतं. मग सिद्ध करायला लागतो पलीकडचा चौक. त्यांच्या मूर्तीपेक्षा आपली मोठी, त्यांच्या बेसपेक्षा आपला बेस दणदणीत, त्यांनी महाद्वार रोडवर दोन तास घेतले तर आपण तीन. तालमीत आत असलेला प्रतिस्पर्धी इथं बाहेर गेला. आणि बाहेरच्याचा हात मोडला तर आपलं काही अडत नाही.

मुझफ्फर शेरीफ या मूळ तुर्की मानसशास्त्रज्ञानं 1954 साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एक प्रयोग केला. अकरा-बारा वर्षांची, एकमेकांना न ओळखणारी, चांगल्या घरांतली 22 मुलं एका शिबिरात आणली आणि दोन गटांत वेगवेगळी ठेवली. आठवडाभरात प्रत्येक गटात पुढारी ठरले, चेष्टेचे विषय ठरले, काय चालतं काय चालत नाही हे ठरलं. एका गटाला तर शेजारी दुसरा गट आहे हे कळेपर्यंत स्वतःचं नाव ठेवायची गरजच वाटली नव्हती. मग चषक ठेवून सामने लावले. बेसबॉल, रस्सीखेच. चार-दोन दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर छापे, शिव्या. या मुलांमध्ये जुनं वैर नव्हतं, जात-धर्माचा फरक नव्हता, गरिबी-श्रीमंती नव्हती. फक्त दोन नावं होती आणि एक चषक. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेत वाढलेल्या माणसाला हे वाचून अजिबात नवल वाटू नये.

प्रयोगाचा दुसरा भाग आपल्याकडं कमी सांगितला जातो. शेरीफनं आधी दोन्ही गटांना एकत्र जेवायला घातलं, एकत्र सिनेमा दाखवला. काही उपयोग झाला नाही. जेवताना एकमेकांवर अन्न फेकलं. (आपल्या शांतता समितीच्या बैठका आणि चहा-बिस्किटं इथं आठवावीत.) मग पाण्याचा पुरवठा बंद पाडला, जेवण आणणारा ट्रक बंद पडल्याचा बनाव केला. रस्सीखेचीच्याच दोरानं दोन्ही गटांनी मिळून तो ट्रक ओढला. अशी कामं एकामागून एक करावी लागली तेव्हा कुठं वैर निवळलं.

कोल्हापूरनं हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलंय. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्धचं आंदोलन आठवा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढं होती, पण रस्त्यावर पेठा होत्या. मैदानात एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या तालमींची पोरं एका मोर्चात चालली. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट असताना पाणी 55 फुटांच्या वर गेलं. प्रयाग चिखली, आंबेवाडी ही गावं पाण्यात, महामार्ग बंद. तेव्हा हॉलमध्ये चुली पेटल्या आणि मंडळाचं नाव न विचारता भाकरी वाटल्या गेल्या. तालमींची बाजू घेणारे याच आठवणीवर बोट ठेवतात आणि ते खरंच आहे. पण पाणी ओसरल्यावर काय झालं? पुढचा हंगाम आला आणि पलीकडचा चौक पुन्हा पलीकडचा झाला. ट्रक एकदा ओढून भागत नाही. पूर हे काही कुठल्याही शहराचं रोजचं काम होऊ शकत नाही, आणि होऊही नये. याच शहरात व्हाइट आर्मीसारखी संघटना आहे, जिचे स्वयंसेवक आपत्ती नसतानाही आपत्तीची तयारी करत असतात. दोन्हीकडं पोरं तीच, वय तेच, रग तीच. फरक मधल्या दिवसांत काय चालतं याचा आहे.

फुटबॉलमध्ये हा फरक एकाच रंगाच्या जर्सीत बघायला मिळतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ हे इथले तालमी-मंडळांचे संघ. देशात फार थोड्या शहरांत फुटबॉल असा पेठेच्या रक्तात आहे. संघातला खेळाडू पहाटे गांधी मैदानात किंवा मिळेल त्या मोकळ्या जागेत पळतो, पासवर चुकला की शिव्या खातो, बाकावर बसवला की गिळतो. मैदानात तोही भांडतो, ढकलाढकली करतो, लाल कार्ड घेतो. साधूसंत कुणी नाही. पण सामना संपल्यावर विरुद्ध संघातल्या पोराशी तो बोलतो, कारण दोघं कदाचित शाळेच्या नाहीतर विद्यापीठाच्या संघात एकत्र खेळलेले असतात. शाहू स्टेडियममध्ये दगड येतो तो गॅलरीतून. म्हणजे ज्याच्या अंगावर तीच जर्सी, गळ्यात तोच स्कार्फ, पण ज्यानं वर्षभर त्या संघासाठी एकदाही घाम गाळलेला नाही, त्याच्या हातून. खेळाडूला संघात जागा मिळवावी लागते. गॅलरीतल्याला ओरडूनच ती मिळते, म्हणून तो जास्त ओरडतो. मंडळाचे पदाधिकारी हे जाणतात. पण गॅलरीत मतं जास्त असतात.

आणि या दगडाची किंमत कोण मोजतो? जमावात नाव आलं, गुन्हा दाखल झाला, आणि दोन वर्षांनी तेच पोरगं पोलीस भरतीची तयारी करून मैदानी परीक्षा पास झालं की चारित्र्य पडताळणीत अडकतं. बोर्डाच्या वरच्या गोलातला कुणी तेव्हा त्याच्यासाठी जामिनापलीकडं फारसं काही करू शकत नाही.

या पोरांना अक्कल नाही असं म्हणणाऱ्यांनी सॉलोमन अॅशचे 1951 चे प्रयोग वाचावेत. शिकलेल्या विद्यार्थ्यांना रेघांची लांबी ओळखायला सांगितली. आजूबाजूचे सगळे आधी ठरवून चुकीचं उत्तर देत होते. डोळ्यांना ढळढळीत दिसत असूनही चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी चुकीच्या बहुमताला मान डोलावली. तिथं ना धमकी होती ना शिक्षेची भीती, आणि मुद्दा नुसत्या रेघेचा होता. पण खोलीत एक जण जरी खरं बोलणारा ठेवला, तरी ही मान डोलावणं एकदम घटलं. वस्तादाचं काम मला इथं दिसतं. वस्ताद म्हणजे नुसता डाव शिकवणारा नव्हे. रात्री अकराला सगळे उठून निघाले असताना 'बसा खाली' म्हणू शकणारा, आणि ज्याचं ऐकावंच लागतं असा एक माणूस. मंडळाचा अध्यक्ष हे म्हणू शकत नाही. त्याची खुर्ची त्याच पोरांच्या संख्येवर उभी असते.

जुन्या तालमींचं सोवळं मला मांडायचं नाही. पैलवानांची फौज निवडणुकीत कुणाच्या दारात उभी राहायची हे कोल्हापूरला पाठ आहे. मारहाण होती, भावकी होती, कुणाला आत घ्यायचं नाही याचे न लिहिलेले नियम होते. बाईच्या जातीनं उंबरा ओलांडायचा नाही हा तर सर्रास. आज मुली कुस्ती आणि फुटबॉल दोन्ही खेळतात, पण तालमीची सभा भरते तेव्हा त्या तिथं किती दिसतात हे ज्यानं त्यानं आपल्या पेठेत बघावं. रोजच्या कामानं माणूस घडतो, पण तो कुणासाठी घडतो हे दार कुणाला उघडं आहे यावरही ठरतं.

याबाबतीत शाहू महाराजांचा नुसता जयजयकार करण्यापेक्षा त्यांचा हिशेब बघावा. 1901 पासून त्यांनी कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली किंवा उभी राहायला मदत केली: मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. समाजवार वसतिगृहं काढून जात पक्की होईल, हा आक्षेप काढायला आजही सोपा आहे, आणि तो पूर्ण खोटा नाही. पण त्यांनी नुसता गट बांधला नाही. गटाच्या मध्यभागी अभ्यास ठेवला. खोली मिळाली ती शिकण्यासाठी. शिकणं थांबलं तर खोलीला अर्थ नव्हता. 1902 मध्ये 50 टक्के जागा राखीव ठेवण्याचा हुकूम निघाला तेव्हा त्या जागांवर बसू शकणारी मुलं तयार करायची होती, त्याची तयारी आधीच सुरू होती. खासबागचं कुस्तीचं मैदान 1912 मध्ये झालं, पण तिथं उतरणारे मल्ल पोसायला आणि त्यांच्या खुराकाला राजाश्रय होता. इमारत आणि तिच्यातलं काम, दोन्हींना पैसा.

आता आजचा पैसा कुठं जातो बघा. खासदार निधीचे नियम टिकाऊ मालमत्ता उभी करण्यासाठी आहेत. मानधनासारख्या दरवर्षी येणाऱ्या खर्चाला त्यात जागा नाही. आमदार निधीचा रोखही बांधकामाकडंच. त्यामुळं तालमीला हॉल मिळतो, फरशी मिळते, पेव्हिंग ब्लॉक मिळतात, व्यायामाची यंत्रं मिळतात, कोनशिलेवर नाव लागतं. वस्ताद मिळत नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पगारात पैसा जिरू नये एवढाच. पण परिणाम असा की मंडळाला दहा वर्षांत दोन मजले चढतात आणि त्यात पहाटे दिवा लावणारं कुणी नसतं. मातीचा हौदा बुजवून त्यावर हॉल बांधला तर तो 'विकास' ठरतो. हौदा तसाच ठेवून वर्षाला माती बदलायची म्हटलं तर त्याला लेखाशीर्षच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की साऊंडचे डेसिबल मोजा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 अशी मर्यादा घातलेलीच आहे, ती पाळायलाच हवी. पण तेवढ्यानं मंडळ बदलणार नाही. एका रात्रीचा आवाज खाली येईल इतकंच. मंडळ बदलायचं तर सार्वजनिक पैशाची अट बदलावी लागेल. ज्या तालमीला सरकारी किंवा महापालिकेच्या पैशातून इमारत मिळाली आहे, तिथं रोज काहीतरी चाललं पाहिजे: माती, मॅट, फुटबॉल, लाठी आणि दांडपट्टा, अभ्यासिका, पूर-बचावाचा सराव, काहीही. ते चालवणाऱ्या माणसाला मानधन मिळालं पाहिजे. निधीच्या नियमात ते बसत नसेल तर महापालिकेच्या क्रीडा खर्चातून द्या, आणि जिथं खाली गाळे आहेत तिथं भाड्यातला ठरावीक हिस्सा त्यासाठी बांधून टाका. नोंदणीकृत मंडळ हे सार्वजनिक न्यास आहे, त्याचा हिशेब धर्मादाय कार्यालयात जातोच. तो तालमीच्या दारातही लावावा. वाढदिवसाच्या बोर्डाला जागा आहे तर जमाखर्चालाही होईल.

यावर पहिला आक्षेप येणार: हजेऱ्या खोट्या लावतील, वस्ताद म्हणून पुतण्याला बसवतील. लावतील, बसवतील. दूध संस्थेतही कुणी पाणी घालायचं सोडलं नव्हतं. म्हणून तिथं रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फॅट लागते आणि दहा दिवसांनी त्याप्रमाणे बिल निघतं. या एका रोजच्या मोजणीनं या जिल्ह्यातल्या किती बायकांना हिशेब, हक्क आणि सचिवाला जाब विचारणं शिकवलं, हे गावात जाऊन बघावं. संस्थेच्या राजकारणानं जे बिघडवलं तेही खरं. पण मोजणी रोजची आणि उघड्यावर असली की खोटं लपवायला कष्ट पडतात. तालमीत पहाटे किती पोरं उतरतात हे शेजारच्या चहाच्या गाड्यावाल्याला माहीत असतं. तपासायला पुण्याहून समिती बोलवायची गरज नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पोरांना आता माती नकोय. हे बऱ्याच अंशी खरं आहे आणि मी त्यांना मातीत ढकलायला सांगत नाही. ब्रूस टकमन यानं 1965 मध्ये गटाच्या वाटचालीच्या पायऱ्या मांडल्या: जमणं, झगडणं, रीत बसणं, मग काम. व्यवस्थापनाच्या वर्गात त्या अजून शिकवतात. पेठेतल्या मंडळाला त्या बसत नाहीत, कारण तिथं दरवर्षी नवी पोरं येतात आणि जमणं-झगडणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पण त्याच कारणानं आशाही आहे. प्रत्येक नव्या तुकडीला काय करायला लावायचं, हे मंडळ दरवर्षी नव्यानं ठरवू शकतं. शंभर वर्षांची तालीमही दहा वर्षांत वेगळी होते, चांगल्या दिशेनं किंवा वाईट. जुने निघून जातात आणि नव्यांना जे पहिल्या दिवशी हातात दिलं तेच ते पुढं देतात. कुणी फावडं दिलं, कुणी पावती पुस्तक.

हे एकाच पेठेत करून बघायला हरकत नाही. सगळ्या शहरावर एकदम लादू नका. दोन-तीन तालमी निवडा, शक्यतो एकमेकींच्या डोळ्यांत खुपणाऱ्या. एक मैदान, एक प्रशिक्षक, मानधन महापालिकेचं, आणि चौदा वर्षांखालच्या मुलामुलींचा सराव एकत्र. सामन्यात जर्सी आपापली घालू दे. पाच वर्षांनी त्याच पोरांच्या वयाची गॅलरी बघायची आणि मग निधीच्या नियमांवर बोलायचं. येत्या अंदाजपत्रकात तेवढी रक्कम काढणं महापालिकेला जड नाही. एखाद्या हॉलच्या वरच्या मजल्याच्या खर्चात हे सगळं बसावं.